मागच्या दाराने

चार दिवस आहेत आणि तुझ्या फोनमध्ये
एकेचाळीस ठिकाणं, प्रत्येकापुढे चांदण्या.
ग्लासगोत कुठे जेवायचं, ताई, कुठे प्यायचं,
विचारतोस, तुला तर सगळं माहीत.

माहीत आहे, निरंजन. फक्त उलट्या बाजूने.
सतरा वर्षं मी या शहरात मागच्या दाराने शिरतेय,
पांढरा कोट, केसांवर जाळी, खिशात सुईचा थर्मामीटर.
पुढे मेणबत्त्या असतात तेव्हा मागे
कांद्याची पोती, ओली फडकी,
आणि पायरीवर सिगारेट ओढणारा भांडीवाला पोरगा
मला पाहताच आत ओरडतो: कौन्सिल!

तर ऐक.
क्लाइडच्या काठचं ते काचेचं हॉटेल,
परातीएवढ्या ताटात बोटभर मासा:
फ्रिज चार अंशांवर, चोख.
माणसं मात्र कोठीच्या खोलीत जाऊन रडतात.
माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.
व्हिक्टोरिया रोडवर अश्फाकभाईंची निहारी खा,
म्हणजे तू खात नाहीस, बरं, नान तरी खा,
हात असे धुतात की जणू ऑपरेशनला निघालेत.
आइस्क्रीम कुठलंही घे, मशिनचं नको.
का ते विचारू नकोस.

बिअर प्यायची तर पार्टिकच्या कोपऱ्यावरचा बुटका पब.
तळघरात उतरून बघितलंय, नळ्या दर सोमवारी धुतात.
वर म्हातारे घोड्यांवरून भांडतात,
मला अजून निम्मंच कळतं.
पण खरं पिण्यासारखं म्हणशील तर नळाचं पाणी.
हसू नकोस. डोंगरातल्या तळ्यातून येतं,
इतकं हलकं की चहाला पत्ती कमी लागते.
जालन्यात नळ यायचा तेव्हा आपण शाळा बुडवून
हंडे लावायचो, आठवतं?
इथे पहिल्या वर्षी मी रात्री उठून
नळ सोडून बघायचे, येतंय का.
यायचं.

फिरायला भुयारी रेल्वे घे. गोल आहे,
चोवीस मिनिटांत जिथे बसलास तिथेच उतरशील.
घटस्फोटाच्या वर्षी मी तिच्यात पुष्कळ बसले.
मग कबरींच्या टेकडीवर चढ, गुडघे सांभाळून,
तिथून चर्च आणि बिअरचा कारखाना
शेजारीशेजारी दिसतात, भांडण न होता,
आणि वाऱ्यावर भिजल्या सातूचा वास येतो.

दुपारी सेंगाकडे. तुझ्या यादीत नाही.
नऊ वर्षांपूर्वी तिचं दुकान मी अकरा दिवस बंद ठेवलं.
उंदीर. तिने मला जे शब्द ऐकवले
ते कुठल्याही कोशात सापडले नाहीत.
बाराव्या दिवशी पुन्हा तपासायला गेले, मागून,
तर तिने मसुराच्या सूपचा वाडगा पुढे सरकवला.
नियमात बसत नाही, म्हटलं.
मग सुटीच्या दिवशी ये, म्हणाली.
ती सुटी नऊ वर्षं आली नाही.

आज रविवार. आपण पुढच्या दाराने आत जातो
आणि डोक्यावर घंटी वाजते.
या दाराला घंटी आहे, मला ठाऊकच नव्हतं.
आमटीसारखं दिसतंय, तू म्हणतोस,
पण फोडणी? फोडणी नाही, बाळा.
गाजर आहे. तुझ्यापुरतं डुकराच्या हाडाशिवाय
वेगळं शिजवायला सांगितलंय, तेवढं पुरे.

सेंगा, आता चौऱ्याहत्तरची, कमरेवर हात ठेवून उभी:
घाल तुझी सुई. ब्याऐंशी भरतं का बघ.
मी खिसे चाचपते. कोट घरी.
तू फोटो काढतोस, विचारतोस
चांदण्या किती देऊ, ताई?
मी चमचा उचलते, फुंकते,
तरी जीभ भाजतेच.